शंका-समाधान : मनुष्याचे जीवन कोणाच्या मालकीचे?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे मनुष्यजीवनाच्या पावित्र्याविषयी आहेत. काही वाचकांनी तत्त्व समजून घेण्यासाठी लिहिले आहे, तर काहींनी रुग्णालयाच्या बाकावर बसून, निर्णय तोंडावर आलेला असताना लिहिले आहे. सर्वांची नावे गाळली असून पत्रे संक्षेपाने दिली आहेत. ज्या ठिकाणी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (म्हणजे चर्चच्या निरनिराळ्या पंथांमध्ये) एकमत नाही त्या ठिकाणी तसे सांगितले आहे, आणि जे मत केवळ माझे आहे ते माझे म्हणूनच नोंदवले आहे.

प्रश्न : ‘मनुष्यजीवन पवित्र आहे’ हे वाक्य उपासनेत वारंवार ऐकू येते. मी बायबल बऱ्यापैकी वाचले आहे, पण हे वाक्य मला त्यात सापडले नाही. जीवन देवाने दिले म्हणून ते पवित्र म्हणावे, तर पशुपक्ष्यांनाही जीवन त्यानेच दिले आहे. मग मनुष्याचेच वेगळे काय?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. हे वाक्य बायबलमध्ये जसेच्या तसे कोठेही नाही. ते एका शिकवणीचे सार आहे आणि त्या शिकवणीचा पाया बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात घातलेला आहे. देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केले, नर व नारी अशी ती निर्माण केली, असे तेथे सत्ताविसाव्या वचनात म्हटले आहे. प्राचीन मिसर आणि अश्शूर येथील लेखांमध्ये ‘देवाची प्रतिमा’ हा मान राजाला दिलेला आढळतो; शेतात राबणाऱ्या मजुराला किंवा घरातल्या दासीला तसे म्हणण्याची तेथे रीत नव्हती. उत्पत्तीच्या लेखकाने तो मान सिंहासनावरून उचलून प्रत्येक स्त्रीपुरुषाच्या ठायी ठेवला, आणि तोही माणसाने काही करून दाखवण्याच्या आधी.

हे प्रतिरूप नेमके कशात आहे, यावर मंडळीत शतकानुशतके विचार झाला आहे. कोणी बुद्धी म्हटले, कोणी इच्छास्वातंत्र्य, कोणी देवाशी व एकमेकांशी नाते जोडण्याची शक्ती, तर कोणी सृष्टीची राखण करण्याचा अधिकार. या प्रत्येक उत्तरात तथ्य आहे; परंतु प्रतिरूप म्हणजे अमुक एक क्षमता, असे एकदा ठरवले की ज्याच्याजवळ ती क्षमता कमी तो माणूस म्हणून उणा, असा निष्कर्ष दारात उभा राहतो. तान्हे मूल, स्मृती हरपलेले आजोबा आणि बेशुद्धीतला रुग्ण हे तिघेही मग हिशेबातून वगळले जातात. म्हणून प्रतिरूप हे देवाने माणसाला दिलेले स्थान आहे असे मी मानतो. ते माणसाने कमावलेले नाही, त्यामुळे आजाराने, वयाने किंवा पापानेही ते त्याच्याकडून जात नाही. याला शास्त्राचा आधार आहे. मनुष्य पापात पडल्यानंतर आणि जलप्रलयही होऊन गेल्यानंतर देव नोहाला मनुष्यवधाची मनाई करतो तेव्हा तो कारण हेच देतो की मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे (उत्पत्ती ९:६). याकोबाच्या पत्रात (३:९) तर आणखी पुढे जाऊन, ज्या जिभेने आपण प्रभूची स्तुती करतो त्याच जिभेने त्याच्या प्रतिरूपाच्या माणसांना शाप कसा देतो, असा जाब विचारला आहे. म्हणजे या शिकवणीचा संबंध केवळ खुनाशी नाही. आपल्या रोजच्या बोलण्याशीही आहे.

दुसरा पाया ख्रिस्ताच्या देहधारणेचा आहे. देवाचा पुत्र प्रौढ रूपात आकाशातून अवतरला नाही. तो एका स्त्रीच्या उदरात वाढला, तान्हेपणी परस्वाधीन राहिला, भुकेला, दमला, रडला आणि मरण पावला. जगण्याची जी जी अवस्था आपल्याला दुबळी वाटते, तिच्यातून तो स्वतः गेला. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात तो भुकेल्याला, उघड्याला, आजाऱ्याला आणि बंदिवानाला ‘माझे कनिष्ठ बंधू’ म्हणतो आणि त्यांना केलेले ते मला केले, असे सांगतो.

या शिकवणीचे फळ इतिहासात दिसते, पण ते सरळ रेषेत आलेले नाही. रोमी जगात नको असलेले बालक उघड्यावर टाकून देणे ही रूढ गोष्ट होती; ख्रिस्ती लोकांनी प्रारंभापासून तिला नकार दिला. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइन या सम्राटाने शिक्षा झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर डाग देण्यास मनाई केली आणि स्वर्गीय सौंदर्याच्या साम्याने घडलेला चेहरा विद्रूप करू नये, असे कारण दिले. त्याच शतकात बिशप बेसिल यांनी कैसरियात आजारी आणि निराधार लोकांसाठी मोठे सेवास्थान उभारले. त्यांचे बंधू निस्साचे ग्रेगरी यांनी बायबलमधील ‘उपदेशक’ या पुस्तकावर प्रवचन करताना, देवाच्या प्रतिरूपाची किंमत किती नाण्यांत लावलीत, असा थेट सवाल गुलाम विकत घेणाऱ्यांना केला. असे असूनही ख्रिस्ती म्हणवणाऱ्या लोकांनी त्यानंतर हजाराहून अधिक वर्षे माणसे विकली आणि विकत घेतली. ही लाज आपण लपवू नये, कारण ज्या वचनाने आपण इतरांना तोलतो त्याच वचनाने आपणही तोलले जातो.

पशुपक्ष्यांविषयी थोडक्यात सांगतो. चिमणीही पित्याच्या नकळत भूमीवर पडत नाही, असे प्रभूने सांगितले आहे. आणि निनवे नगरावर दया करताना देव तेथील गुराढोरांचाही उल्लेख करतो. मनुष्य श्रेष्ठ म्हणून प्राण्यांशी क्रूर वागण्यास मोकळीक मिळत नाही.

प्रश्न : माझ्या आईचे वय ८२ आहे. मेंदूत मोठा रक्तस्राव झाल्यापासून ती शुद्धीवर आलेली नाही. ती व्हेंटिलेटरवर आहे, आता मूत्रपिंडेही निकामी झाली आहेत. डायलिसिस सुरू करता येईल, पण त्याने ती बरी होणार नाही, असे डॉक्टर स्पष्ट सांगतात. नळीच्या पट्टीने तिच्या ओठाच्या कोपऱ्यावर जखम झाली आहे आणि ती पाहून मला तेथे उभे राहवत नाही. धाकटा भाऊ म्हणतो, यंत्र काढले तर तो खून होईल. मोठी बहीण म्हणते, आईनेच पूर्वी ‘मला नळ्यांत अडकवून ठेवू नका’ असे सांगितले होते. ख्रिस्ती म्हणून आम्ही काय करावे?

उत्तर : प्रिय भगिनी, सर्वप्रथम हे सांगतो की आपल्या तिन्ही भावंडांच्या बोलण्यामागे आईवरचे प्रेमच आहे. भाऊ जीवनाचा मान राखू पाहतो आहे, बहीण आईचा शब्द राखू पाहते आहे. एकाने दुसऱ्याला निर्दय किंवा अंधश्रद्ध ठरवण्याचे काही कारण नाही.

आता मूळ प्रश्न. ख्रिस्ती शिकवणीत दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत : मरण घडवून आणणे, आणि जे मरण येतच आहे त्याला उपचारांच्या बळावर अडवून धरणे थांबवणे. पहिल्यास मनाई आहे, मग हेतू दयेचा का असेना. दुसरे योग्य असू शकते. रोमन कॅथलिक मंडळीत हा विचार बराच जुना आहे. १९५७ साली भूलतज्ज्ञांपुढे बोलताना पोप पायस बारावे यांनी सांगितले की जीवन टिकवण्यासाठी सामान्य उपाय करणे हे कर्तव्य आहे, परंतु रुग्णावर किंवा इतरांवर फार मोठे ओझे टाकणारे असाधारण उपाय करणे बंधनकारक नाही. १९८० साली रोमने काढलेल्या घोषणापत्रात आणि १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही हीच भूमिका आहे : अपेक्षित फळाच्या मानाने जे उपचार फार जाचक, धोक्याचे किंवा प्रमाणाबाहेरचे ठरतात ते थांबवणे म्हणजे मरणाची इच्छा करणे नव्हे, आपण मरण रोखू शकत नाही, एवढे स्वीकारणे होय. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांची शिकवणही व्यवहारात याच ठिकाणी येते.

यामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. जीवन पवित्र आहे, पण ते देव नाही. हुतात्म्यांनी प्राण दिले, पण विश्वास सोडला नाही; प्रभूनेही आपले जीवन राखून ठेवले नाही. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्याला शेवटचा श्वास काही झाले तरी एक दिवस पुढे ढकलण्याची सक्ती नसते. आपण जीवनाचे मालक नसून कारभारी आहोत, असे जे म्हणतात त्याच्या दोन बाजू आहेत : कारभाऱ्याने ठेव नष्ट करू नये, आणि मालकाने ती परत मागितली असता मूठ आवळून धरू नये.

म्हणून डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारा. डायलिसिसने आई बरी होईल का, निदान शुद्धीवर येईल का, की केवळ मरण्याचा काळ लांबेल? व्हेंटिलेटर काढल्यास तिला गुदमरल्यासारखे वाटू नये म्हणून कोणती औषधे दिली जातील? तिच्या देहाला नळीवाटे दिलेले अन्नपाणी अजून लागते आहे का? अन्नपाण्याच्या प्रश्नावर मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. कॅथलिक शिकवणीनुसार कृत्रिम मार्गाने दिलेले अन्नपाणीही सामान्य शुश्रूषेतच मोडते आणि देहाला त्याचे पोषण मिळत असेपर्यंत ते द्यावे. अनेक प्रॉटेस्टंट विचारवंत त्यास इतर उपचारांसारखाच एक उपचार समजतात. मला पहिली भूमिका अधिक सुरक्षित वाटते, पण देह अन्न स्वीकारेनासा झाला की दोन्ही बाजूंचे उत्तर एकच असते. कायद्याची रीत देशोदेशी वेगळी आहे, ती रुग्णालयाकडून समजून घ्यावी.

वेदनाशामकांविषयी अनेकांच्या मनात भीती असते, म्हणून तेही सांगतो. वेदना कमी करण्यासाठी दिलेल्या औषधाने आयुष्य थोडे घटण्याची शक्यता असली, तरी हेतू वेदना शमवण्याचा असेल आणि मात्रा तेवढीच असेल, तर ते देण्यास हरकत नाही, हेही पायस बारावे यांनी १९५७ मध्येच स्पष्ट केले होते. दुःख सोसण्यात विश्वासाची कसोटी असू शकते, पण दुसऱ्याला दुःख सोसायला लावण्यात कोणताही विश्वास नाही. इंग्लंडमधील सिसिली सॉन्डर्स या विश्वासू ख्रिस्ती बाईंनी आधी परिचारिका, नंतर रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर होऊन १९६७ साली लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांसाठीचे शुश्रूषागृह, उभे केले. कळ असह्य होण्याची वाट न पाहता वेदनाशामक ठरलेल्या वेळी नियमित द्यावे, हा त्यांचा आग्रह होता. आणि मरणाऱ्या माणसाची वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि आत्म्याचीही असते, हे त्यांनी वैद्यकाला शिकवले. दयामरणाला त्यांचा ठाम विरोध होता. पॅलिएटिव्ह केअर या नावाने आज जी सेवा ओळखली जाते तिचा पाया त्यांनी घातला. आपल्या रुग्णालयात ती असल्यास आजच मागणी करा.

आईचा पूर्वीचा शब्द मोलाचा आहे. तिने मरण मागितले नव्हते, नळ्यांत अडकवू नका एवढेच सांगितले होते, आणि ख्रिस्ती शिकवणीत ते सहज बसते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी दयामरणाविरुद्ध आयुष्यभर लिहिले. पण २००५ मध्ये अंतकाळ जवळ आला तेव्हा ते पुन्हा रुग्णालयात गेले नाहीत, आपल्या खोलीतच राहिले. हे उदाहरण आपल्या भावाला सांगून पाहा. निर्णय काहीही झाला तरी ओठावरच्या त्या जखमेला मलम लावणे, तोंड ओल्या कापसाने पुसणे, कूस बदलणे आणि तिच्याजवळ बसून प्रार्थना म्हणणे हे थांबवू नका. उपचार थांबवता येतात. शुश्रूषा थांबवता येत नाही.

प्रश्न : माझी पत्नी पाच महिन्यांची गरोदर आहे. तपासणीत बाळाला डाउन सिंड्रोम असल्याचे निश्चित झाले. ‘जन्माला घालून त्याचे हाल करण्यापेक्षा आताच सुटका करणे ही दया आहे’, असे घरचे वडीलधारे म्हणतात, आणि तेही नियमित उपासनेला जाणारे आहेत. बायबलमध्ये गर्भाविषयी थेट आज्ञा आहे का?

उत्तर : गर्भपात करू नका, अशा शब्दांतली आज्ञा बायबलमध्ये नाही. परंतु गर्भातील बाळाकडे शास्त्र कसे पाहते, हे पुरेसे स्पष्ट आहे. स्तोत्र १३९ मध्ये दावीद म्हणतो की आईच्या उदरात तूच माझी घडण केलीस, माझा देह आकार घेत असताना तुझे डोळे मला पाहत होते. यिर्मयाला उदरात घडवण्यापूर्वीच देव ओळखत होता. मरीयेचे अभिवादन ऐकताच अलीशिबेच्या उदरातील बाळाने उसळी मारली, असे लूक लिहितो. विरुद्ध बाजूने निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायातील वचने पुढे केली जातात. तेथे भांडणात गर्भवतीला धक्का लागल्यास दंड सांगितला आहे. त्याचा अर्थ लावण्यात विद्वानांत मतभेद आहेत, पण मुद्दाम केलेल्या कृत्याला त्यातून परवानगी मिळते, असे मला मुळीच वाटत नाही. मंडळीचा सर्वात जुना साक्षीदार याबाबत निःसंदिग्ध आहे. प्रेषितांनंतरच्या पहिल्या काही पिढ्यांतील ‘डिडाखे’ या छोट्या शिक्षणग्रंथात गर्भपात आणि नवजात बालकाची हत्या या दोन्हींना एकाच वाक्यात मनाई केली आहे.

आईच्या जिवालाच धोका असेल तर प्रश्न अधिक कठीण होतो. अशा वेळी गर्भपातास अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या मान्यता देतात. कॅथलिक शिकवण बाळाच्या थेट हत्येस मान्यता देत नाही, परंतु आईवर जे उपचार अनिवार्य आहेत ते, बाळ वाचणार नाही हे ठाऊक असले तरी, करू देते. आपल्या प्रसंगात मात्र आईचे आरोग्य उत्तम आहे. येथे बाळाला मारण्याचे कारण एवढेच दिले जात आहे की ते वेगळे आहे.

या कारणाला ‘दया’ म्हणण्यापूर्वी इतिहास आठवावा. नाझी जर्मनीने १९३९ नंतर अपंग आणि मनोरुग्ण माणसांना ‘दयेच्या’ नावाखाली मारण्याची योजना चालवली आणि १९४१ च्या उन्हाळ्यापर्यंत सुमारे ७०,००० माणसे विषारी वायूने मारली. ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टर येथे बिशप क्लेमेन्स फॉन गालेन यांनी प्रवचनपीठावरून ही योजना उघड केली. निरुपयोगी माणसाला मारण्याचा हक्क एकदा मान्य केला, तर आपण म्हातारे आणि दुबळे होऊ तेव्हा आपल्या सर्वांचेच काही खरे नाही, असा इशारा त्यांनी दिला. आपल्या घरच्यांची तुलना मी त्या सत्तेशी करत नाही. ते घाबरलेले आहेत, आणि आपल्याला होणारा त्रास त्यांना आतापासून दिसतो आहे. पण ‘हे जगणे जगण्यालायक नाही’ हे वाक्य एका माणसाने दुसऱ्याविषयी उच्चारावे, हा अधिकार कोणालाच दिलेला नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याला माहीत असावी. या स्थितीमागे एकविसाव्या गुणसूत्राची जास्तीची प्रत असते, हे १९५९ साली फ्रान्समध्ये ज्या संशोधकांनी प्रसिद्ध केले, त्यांत जेरोम लेज्यून हे कॅथलिक डॉक्टर होते. या मुलांना उपचार मिळावेत ही त्यांची आशा होती. आपल्या शोधाचा उपयोग अशी बाळे हुडकून गर्भातच संपवण्यासाठी होतो आहे, हे पाहून ते उरलेले आयुष्य त्याविरुद्ध बोलत राहिले. आज डाउन सिंड्रोम असलेली अनेक माणसे शिकतात, काम करतात आणि साठीपर्यंतही जगतात. बऱ्याच बाळांना हृदयाचा दोष असतो, म्हणून प्रसूतीपूर्वीच हृदयाची सोनोग्राफी करून घ्या आणि बालहृदयरोगतज्ज्ञांशी बोलून ठेवा. शिकायला वेळ लागेल, बोलणे उशिरा येईल, आपले कष्ट वाढतील. हे मी झाकून ठेवणार नाही. योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ दोन्ही पायांनी लंगडा होता, आणि दावीदाने त्याला आपल्या पंक्तीला कायमचे बसवून घेतले. ती जागा आपल्या मंडळीने आपल्या बाळासाठी करायची आहे. हे पत्र आपल्या पाळकांना दाखवा आणि मंडळी कोणती जबाबदारी उचलणार, हे स्पष्ट विचारा. गर्भपाताविरुद्ध प्रवचन करून मूल जन्मल्यावर आईबापांना एकटे सोडणारी मंडळी आपल्याच तोंडचे वचन खोटे पाडते.

हे उत्तर वाचणाऱ्या एखाद्या भगिनीने पूर्वी गर्भपात करून घेतला असेल, कदाचित इतरांच्या दबावाखाली, तर तिला वेगळे सांगायचे आहे. आपले पाप क्षमेच्या पलीकडचे नाही. १९९५ मध्ये जीवनाच्या पावित्र्यावरच लिहिलेल्या विश्वपत्रात (पोपच्या अधिकृत शिकवणपत्रात) जॉन पॉल दुसरे यांनी अशा स्त्रियांना उद्देशून आशा सोडू नका, असे आवर्जून लिहिले. आपण पाळकांकडे किंवा धर्मगुरूंकडे जावे. आणि त्यांनी पहिला दगड उचलला, तर दुसऱ्या कोणाकडे जावे.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाने गेल्या वर्षी आत्महत्या केली. तो विश्वासणारा होता, अनेक वर्षे नैराश्याने आजारी होता. अंत्यविधीच्या दिवशी एका ज्येष्ठ सभासदाने मला बाजूला घेऊन सांगितले की त्याला पश्चात्तापाची संधीच उरली नाही, त्यामुळे तारणही नाही. तेव्हापासून मला झोप लागत नाही. आता मलाही जगण्यात काही अर्थ वाटेनासा झाला आहे.

उत्तर : प्रिय बंधू, आपल्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. हा अंक हाती पडेल त्याच दिवशी हे वाक्य आपल्या घरातल्या एका विश्वासू माणसाला मोठ्याने बोलून दाखवा, त्याला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि तोपर्यंत एकटे राहू नका. जीव देण्याचा विचार बळावला तर डॉक्टरांच्या भेटीच्या वेळेसाठी थांबू नका. जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत; औषध घेण्याने विश्वास कमी पडल्याचे सिद्ध होत नाही.

एलीया संदेष्ट्यानेही मरण मागितले होते. ईजबेल राणीच्या धमकीने तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि ‘आता पुरे झाले, परमेश्वरा, माझा प्राण घे’, असे म्हणून झोपी गेला. देवाने त्याला दोष दिला नाही. दूताने त्याला स्पर्श करून उठवले; उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू होता. तो जेवला आणि पुन्हा झोपला. दूताने दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातले, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची होती (१ राजे १९). उपदेश बऱ्याच नंतर आला. आधी झोप, अन्न, पाणी आणि स्पर्श. आपल्यालाही आज याचीच गरज आहे, आणि ती मागण्यात कमीपणा नाही.

आता आपल्या भावाविषयी. त्या ज्येष्ठांचे विधान शास्त्राला धरून नाही. क्षमा न होणारे पाप म्हणून प्रभूने सांगितले ते पवित्र आत्म्याची निंदा, आत्महत्या नव्हे. आणि शेवटच्या क्षणी प्रत्येक पापाची कबुली दिली तरच तारण, असे मानले, तर अपघातात किंवा झोपेत मरण पावणाऱ्या एकाही विश्वासणाऱ्याची खात्री देता येणार नाही. तारण ख्रिस्ताच्या कृपेने आहे. शेवटच्या घटकेतील मनःस्थितीवर ते अवलंबून असते, तर आपण सर्वच बुडालो असतो. ना मरण, ना जीवन आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळे करू शकेल, असे पौल रोमकरांस लिहितो. तेथे ‘आत्महत्या सोडून’ असा अपवाद त्याने ठेवलेला नाही.

मंडळीने या बाबतीत कठोरपणा केला आहे, हेही मान्य करू या. ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकात आत्महत्येला आज्ञाभंग ठरवले, आणि तो विचार मुळात योग्य होता, कारण आपले जीवनही आपल्या मालकीचे नाही. पण पुढे सहाव्या शतकापासून अशा मृतांना अंत्यविधी नाकारण्याचे नियम झाले, आणि त्याचा घाव मृतांवर नव्हे, मागे राहिलेल्यांवर बसत राहिला. १९१७ च्या कॅथलिक कायद्यातील ही बंदी १९८३ च्या कायद्यात राहिली नाही. १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो की गंभीर मानसिक विकार, तीव्र यातना किंवा भीती यांमुळे माणसाची जबाबदारी घटते, आणि अशा माणसांच्या सार्वकालिक तारणाविषयी आशा सोडू नये.

शास्त्रातही एक प्रसंग आहे, ज्यावर क्वचितच प्रवचन होते. शौल राजाने स्वतःच्याच तलवारीवर पडून प्राण दिला आणि शत्रूने त्याचे प्रेत बेथ-शानच्या भिंतीवर टांगले. याबेश-गिलादच्या लोकांवर शौलाने पूर्वी उपकार केले होते. त्यांच्यातले शूर पुरुष रात्रभर चालून गेले, त्यांनी ते प्रेत काढून आणले, अस्थी झाडाखाली पुरल्या आणि सात दिवस उपास केला. दावीदाने त्याच्यासाठी विलापगीत रचले. त्या गीतात शौल कसा मेला यावर एकही दोषाचा शब्द नाही. आपल्या भावाच्या अंत्यविधीत आपल्याला हेच मिळायला हवे होते. ते मिळाले नाही, याबद्दल मंडळीचा एक सेवक म्हणून मी आपली क्षमा मागतो.

प्रश्न : जीवन पवित्र असेल तर ख्रिस्ती माणसाने फाशीच्या शिक्षेचे समर्थन करावे का? ‘जो कोणी मनुष्याचा रक्तपात करील त्याचा रक्तपात मनुष्याकडून होईल’, हेही बायबलच सांगते.

उत्तर : याच वचनावरून आणि रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायावरून अनेक प्रामाणिक ख्रिस्ती लोकांनी त्या शिक्षेचे समर्थन केले आहे आणि आजही काही मंडळ्या करतात. दुसरीकडे, पहिला खुनी काइन याला देवाने कोणी मारू नये म्हणून खूण करून दिली. कॅथलिक मंडळीने पूर्वी विशिष्ट परिस्थितीत ही शिक्षा मान्य केली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये धर्मशिक्षणग्रंथात बदल करून ती कधीही स्वीकारार्ह नाही, असे ठरवले. मी या दुसऱ्या बाजूचा आहे. गुन्हेगाराचे प्रतिरूपही पुसलेले नसते, न्यायालयाची चूक मागाहून दुरुस्त करता येत नाही, आणि समाजाचे रक्षण करण्यासाठी तुरुंग उपलब्ध आहे. मात्र माझ्याशी सहमत असणाऱ्यांना एक विनंती आहे : खुन्याच्या जिवासाठी जेवढे लिहिता-बोलता, तेवढेच मारल्या गेलेल्याच्या घरी जाऊन बसा. हाबेलाचे रक्त भूमीतून ओरडते, आणि देवाने काइनाला वाचवण्याआधी ती हाक ऐकली होती.